फेझच्या जुन्या बाजारनगरीत पहिल्यांदा जाताना

मोरोक्कोतील फेझ शहराच्या जुन्या भागात, म्हणजे फेझ एल-बालीमध्ये, मोटार शिरू शकत नाही. काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. माल खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून, नाहीतर हातगाडीवरून येतो. इद्रिस पहिला या राजाने इ.स. ७८९ मध्ये नदीच्या एका काठावर वस्ती वसवली आणि त्याचा मुलगा इद्रिस दुसरा याने ८०९ मध्ये दुसऱ्या काठावर. पुढे अकराव्या शतकात या दोन्ही वस्त्या मिळून एक शहर झाले. युनेस्कोने १९८१ साली या भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तरी तिथले कारागीर आणि गिऱ्हाईक आजही बऱ्याच अंशी स्थानिकच आहेत. पहिल्यांदा जाणारा प्रवासी इथे वाट चुकतोच, आणि केवळ मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर राहिला तर अधिक चुकतो, कारण उंच भिंतींमध्ये तो निळा ठिपका भलत्याच गल्लीत दिसू लागतो. म्हणून तयारीच्या गोष्टी थोडक्यात सांगून, हे शहर उतारावरून आणि व्यवसायांवरून कसे ओळखावे, हे येथे सविस्तर दिले आहे.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टधारकांना मोरोक्कोसाठी व्हिसा लागतो. अर्ज करण्यापूर्वी सध्याचे नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच तपासावेत. हवामानाच्या दृष्टीने मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ बरा असतो. उन्हाळ्यात चढउतार करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि हिवाळ्यात जुन्या घरांच्या फरशा इतक्या गार पडतात की पायमोजे घालूनच घरात वावरावे लागते. रमजानच्या महिन्यात दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात, त्यामुळे पहिली भेट शक्यतो त्या महिन्यात ठेवू नये. तिथले घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असते, मात्र रमजानमध्ये ते आणखी एक तास मागे नेले जाते. विमानाची किंवा आगगाडीची वेळ पाहताना हे ध्यानात ठेवावे.

मोरोक्कोचे चलन दिरहम हे देशाबाहेर खुलेपणाने मिळत नाही. म्हणून युरो किंवा डॉलर सोबत न्यावेत, विमानतळावर गरजेपुरतेच बदलून घ्यावेत आणि बदलल्याची पावती जपून ठेवावी. जुन्या बाजारातल्या लहान दुकानांत कार्ड चालेलच असे नाही. सुट्या नाण्यांची मात्र पावलोपावली गरज पडते. ड्रोन घरीच ठेवावा, तो विमानतळावरच काढून घेतला जातो.

पोहोचणे आणि मुक्काम

बहुतेक प्रवासी कासाब्लांकाला उतरून तिथून आगगाडीने फेझला येतात. कासा व्होयाजर स्थानकापासून फेझपर्यंत सुमारे चार तास लागतात. स्थानकाबाहेर लाल रंगाच्या लहान टॅक्सी मिळतात. त्यांत जास्तीत जास्त तीन प्रवासी बसतात आणि त्यांना मीटर असतो. तो चालू करायला सांगूनच बसावे.

मुक्कामासाठी जुन्या शहरातले रियाद, म्हणजे मधल्या चौकाभोवती खोल्या असलेले जुने घर, निवडणे उत्तम. वाड्यात राहिलेल्या मराठी माणसाला त्याची रचना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र ते निवडताना सजावटीपेक्षा जागा पाहावी. मोटार जिथपर्यंत येते त्या ठिकाणापासून, म्हणजे पश्चिमेकडील बाब बू जलूद या दरवाजापासून किंवा खालच्या रसीफ चौकापासून, पाच-सात मिनिटांत पायी पोहोचता येईल असेच घर पहिल्या भेटीत घ्यावे. रियादच्या मालकाला आधी कळवले तर तो दरवाजापर्यंत माणूस पाठवतो. हातगाडीवाल्याकडे सामान द्यायचे असल्यास मजुरी आधीच ठरवावी. पहिल्यांदा घराकडे जाताना प्रत्येक वळणाचे एक छायाचित्र काढून ठेवले, तर रात्री परतताना त्याचा उपयोग नकाशापेक्षा जास्त होतो.

पहिली सकाळ: उतार समजून घेणे

फेझचा जुना भाग एका खोलगट खोऱ्यात आहे. नदी तळाशी आहे, काही ठिकाणी ती आता झाकलेली आहे, आणि दरवाजे बहुतांशी वरच्या कडांवर आहेत. बाब बू जलूदपासून दोन मुख्य रस्ते साधारण समांतर खाली उतरतात: तालआ कबीरा म्हणजे मोठा चढ, आणि तालआ सगीरा म्हणजे लहान चढ. दोन्ही शेवटी करावियीन मशिदीच्या परिसरात पोहोचतात. वाटेत न रेंगाळता चालले तर हे अंतर अर्ध्या तासाच्या आत संपते, पण इथे न रेंगाळता कोणी चालत नाही. यावरून एकच नियम पक्का करावा: खाली गेलो तर शहराचा मध्य, वर गेलो तर दरवाजा आणि टॅक्सी. वाट चुकल्यावर घाबरून कोणाच्याही मागे जाण्यापेक्षा, जास्त लोक ज्या गल्लीने चढत आहेत त्या गल्लीने चढत राहावे. कुठला तरी दरवाजा लागतोच, आणि तो आपला नसला तरी त्याच्याबाहेर टॅक्सी मिळते.

पहिल्या सकाळी फक्त तालआ कबीराने उतरावे आणि त्याच वाटेने परत चढावे. फाटे फुटतील तिथे मोह आवरावा. बाब बू जलूदची सध्याची कमान १९१३ सालची, म्हणजे फ्रेंच अमलाच्या आरंभीची आहे. ती बाहेरून निळी आणि आतून हिरवी आहे, त्यामुळे आपण आत जातो आहोत की बाहेर पडतो आहोत, हे तिच्या रंगावरूनही समजते. थोडे खाली उतरल्यावर बू इनानिया मदरसा लागतो. मोरोक्कोत जवळजवळ सर्व मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. करावियीन मशीदही दारातूनच पाहावी लागते. मदरसे मात्र तिकीट काढून आतून पाहता येतात, म्हणून तिथे घाई करू नये. चुनेगच्चीतले आणि लाकडातले कोरीवकाम डोळ्यांच्या पातळीपासून छतापर्यंत सावकाश पाहावे.

हा मदरसा मरिनी घराण्याचा सुलतान अबू इनान याने १३५० ते १३५५ या काळात बांधवला. महाराष्ट्रातून येणाऱ्याने इथे एक गोष्ट आठवावी. याच सुलतानाच्या सांगण्यावरून इब्न बतूता या प्रवाशाने आपला प्रवासवृत्तांत फेझमध्ये इब्न जुझई या लेखकाला सांगून लिहवला आणि तो १३५५ मध्ये पुरा झाला. त्या वृत्तांतात दौलताबादचा किल्ला आहे, तिथल्या गायकांच्या बाजाराचे वर्णन आहे आणि नंदुरबारच्या मराठ्यांचाही उल्लेख आहे. आपल्याकडच्या एका बाजारपेठेचे चौदाव्या शतकातले इतके जिवंत चित्र या गल्ल्यांत लिहिले गेले, हे ठाऊक असले तर मदरशाच्या चौकात थोडे अधिक थांबावेसे वाटते.

दुसरा टप्पा: व्यवसायांवरून जागा ओळखणे

एकेका गल्लीत एकेकाच व्यवसायाची दुकाने असल्यामुळे, आपण कुठे आहोत हे पाटी न वाचताही कळू शकते. दरवाजाजवळच्या उतारावर भाजी, मांस, ऑलिव्ह, पाव असा रोजच्या गरजेचा बाजार असतो. मध्याकडे सरकू लागलो की सुगंधी द्रव्ये आणि मसाले यांचा वास येतो. तो अत्तारीन बाजार होय, आणि त्याच्या टोकाला १३२५ मध्ये पूर्ण झालेला अत्तारीन मदरसा आहे. मेणबत्त्या, धूप आणि गोडाची दुकाने दिसू लागली तर मौले इद्रिसचा, म्हणजे इद्रिस दुसरा याचा दर्गा जवळ आहे असे समजावे. त्याच्या आणि करावियीनच्या मधल्या झाकलेल्या गल्ल्यांत कापड आणि तयार कपडे विकतात. कापलेल्या देवदाराचा वास आला तर आपण सुतारांच्या नज्जारीन चौकात आहोत. तिथल्या जुन्या सराईत आता लाकूडकामाचे संग्रहालय आहे, आणि त्याच्या गच्चीवर चहा मिळतो.

रंगारी आणि चर्मकार नदीकाठी आहेत, कारण त्यांना भरपूर पाणी लागते आणि त्यांचा वास मशिदीजवळ कोणाला नको असतो. गोंगाट करणारे व्यवसायही असेच दूर असतील, अशी आपली अपेक्षा होते, पण सफ्फारीन चौकात ती चुकते. तांबटांची ठोकाठोक करावियीनच्या ग्रंथालयाला लागूनच चालते. हा चौक वाट शोधताना फार उपयोगी पडतो. हातोड्यांचा आवाज दोन-तीन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येतो, तिथे बसायला जागा आहे, आणि तिथून रसीफ चौकात पोहोचायला थोडाच वेळ लागतो. परंपरेनुसार ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी हिने स्थापन केलेली करावियीन ही मशीद आणि तिच्यातले विद्यापीठ मध्यभागी धरून उरलेली बाजारपेठ मनात मांडली, की दुसऱ्या दिवसापासून मोबाइल खिशात ठेवता येतो.

चालताना मागून ‘बालाक’, म्हणजे ‘बाजूला व्हा’, अशी हाक आली तर वळून न पाहता आधी भिंतीकडे सरकावे. लादलेले खेचर थांबत नाही. पायांत पकड असलेले बूट असावेत, कारण पावसात दगडी उतार आणि शेण यांचा मिलाफ धोक्याचा ठरतो.

चामड्याचे हौद

शुआरा हे सर्वांत मोठे चर्मालय. ते पाहण्यासाठी चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर जावे लागते, आणि तिथपर्यंतचा जिना दुकानातूनच जातो. म्हणजे खरेदीचा आग्रह होणार हे गृहीत धरावे. काही घ्यायचे नसेल तर वर जातानाच तसे हसतमुखाने सांगावे आणि खाली उतरताना थोडी बक्षिसी द्यावी. दारात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरावी. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा मिसळलेले पाणी असते. विष्ठेतील अमोनियामुळे कातडे मऊ पडते आणि त्यानंतर ते रंगाच्या हौदांत जाते. माणसे त्या हौदांत मांड्यांपर्यंत उतरून काम करतात. आपण गच्चीवरून वासाची तक्रार करत त्यांची छायाचित्रे काढावीत, हे फारसे शोभत नाही. निदान जवळून चेहरे टिपण्यापूर्वी विचारावे. सकाळी काम जोरात असते आणि उन्हाचा तडाखाही कमी असतो.

वाटाडे

‘ही वाट बंद आहे, चला मी दाखवतो’ असे सांगणारे तरुण बाब बू जलूदपासूनच भेटू लागतात. वाट बहुधा बंद नसते. ‘ला, शुक्रान’ (नको, धन्यवाद) एवढे म्हणून चालत राहावे, वाद घालू नये. जाणकार सोबत हवा असेल तर रियादमार्फत परवानाधारक वाटाड्या अर्ध्या दिवसासाठी घ्यावा. परवान्याचे ओळखपत्र पाहावे आणि खरेदीसाठी दुकानांत न्यायचे नाही, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट करावे. दुकानदाराकडून मिळणारी दलाली शेवटी आपल्याच बिलात येते. हिंदी चित्रपट तिथे आवडीने पाहिले जात असल्याने भारतीय चेहरा दिसला की ‘शाहरुख खान’ अशी हाक येते. तिला मोकळेपणाने उत्तर द्यावे, पण त्यामुळे किंमत उतरेल अशी आशा धरू नये.

खरेदी

पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नये. केवळ भाव विचारावेत आणि एकच वस्तू निदान तीन दुकानांत हाताळून पाहावी. ‘सांगितलेल्या किमतीच्या निम्मे द्यावे’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम निरुपयोगी आहे, कारण सांगितलेली किंमत चौपट असेल तर निम्म्यातही आपण फसतो. आपल्याला ती वस्तू किती किमतीला परवडते हे आधी मनात ठरवावे, आणि तेवढ्यावर सौदा जमला नाही तर नमस्कार करून निघावे. मात्र आपण उच्चारलेला आकडा दुकानदाराने मान्य केल्यावर माघार घेणे तिथे उद्धटपणाचे मानतात. पुदिन्याचा चहा घेतला म्हणजे खरेदी केलीच पाहिजे असे नाही, पण गालिच्यांच्या दुकानात चहा घेऊन बसलात की निदान एक तास गेला हे समजून असावे.

फेझची निळी नक्षीदार भांडी सुंदर असतात, परंतु पारंपरिक झिलईत शिसे असू शकते, म्हणून ती जेवणाखाण्यासाठी न वापरता शोभेसाठीच घ्यावीत. तांब्या-पितळेची वस्तू सफ्फारीन चौकात बनवणाऱ्याच्या हातूनच घेणे चांगले. शुक्रवारी बरीच दुकाने बंद असतात. तो दिवस खरेदीऐवजी उत्तरेकडील टेकडीवरच्या मरिनी कबरींपाशी जाऊन संपूर्ण खोरे वरून पाहण्यासाठी ठेवावा.

खाणे

शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढे सांगून थांबू नये. भाज्यांचा कुसकुसही (रव्याच्या बारीक कण्यांचा पदार्थ) अनेकदा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो आणि हरीरा या सूपमध्येही मांस असू शकते. सुक्या बाकल्याचे बिस्सारा हे दाट सूप सकाळी लहान टपऱ्यांवर मिळते. त्यावर ऑलिव्हचे तेल आणि जिरेपूड घालून गरम पावाबरोबर खाल्ले की दुपारपर्यंत निश्चिंती होते. वांगे आणि टोमॅटोचे झालूक, तसेच मसेमेन नावाची पदरांची चौकोनी पोळी, हीदेखील सोयीची आहेत. पाणी बाटलीतले प्यावे.

परतताना

उरलेले दिरहम देश सोडण्यापूर्वी पावती दाखवून बदलून घ्यावेत, कारण भारतात त्यांना कोणी विचारत नाही. ऑलिव्ह आणि खारवलेली लिंबे हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत घट्ट बांधून ठेवावीत. नव्या चामड्याच्या चपलांना आणि बैठकीच्या खोळींना हौदाचा वास बरेच दिवस राहतो, म्हणून त्या कपड्यांपासून वेगळ्या बांधाव्यात आणि घरी आल्यावर काही दिवस सावलीत, वाऱ्यावर टाकाव्यात.