पिटबुल, रॉटवायलर पाळायचाय? आधी कागद नीट करा

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं आणि पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जातींची विक्री, पैदास थांबवायला सांगितलं. यादी घाईघाईने केलेली वाटते. टोसा त्यात दोनदा आहे आणि ‘टेरियर्स’ असं मोघम लिहिल्यामुळे पर्समध्ये मावणारा यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) सुद्धा अडकतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ ला ते पत्र रद्द केलं, मग केंद्राने लोकांकडून हरकती मागवल्या. पण म्हणून रान मोकळं झालं असं समजू नका.

पहिलं काम, आपल्या गावचा नियम बघा. गाझियाबाद महापालिकेने ऑक्टोबर २०२२ मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोवर बंदी घातली होती. गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र जातींबाबतचं विधेयक संमत केलं. त्यामुळे पिल्लाचे पैसे देण्याआधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात जाऊन विचारा. विकणाऱ्याच्या ‘काही होत नाही हो’वर जाऊ नका.

मग पिल्लू कुठून घ्यायचं ते ठरवा. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची, म्हणजे पैदास करणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा, पावती घ्या. रस्त्यावर गाडीच्या डिकीतून पिल्लं विकणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. लसीच्या दाखल्यावर महापालिकेचा परवाना मिळतो, मुदत संपली की नूतनीकरण करायचं. मायक्रोचिप, म्हणजे ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवायची बारीक चिप, त्याच वेळी बसवून घ्या. नसबंदीचं वय डॉक्टरांना विचारा. मोठ्या जातींत घाई करत नाहीत.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे. तरी लिफ्टमध्ये आणि जिन्यात पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात हवा. दहावीतल्या पोराला रॉटवायलर आवरत नाही.

मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला लावायचं मुसकं, जाळीचाच घ्या. तो घालून कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळून धरणारा कापडी मझल मे महिन्यात जिवावर बेतू शकतो. सवय लावताना जाळीच्या आत चिकनचा तुकडा ठेवा, कुत्र्याला आपणहून नाक घालू द्या. बक्कल काही दिवसांनी लावा.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हाही उपाय नाही. सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा ठरतो. त्यापेक्षा फाटकाला आतून कडी आणि दारावर ठळक पाटी लावा. पार्सलवाला बेल वाजवून थांबतोच असं नाही.

एवढं करूनही चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्या. रेबीजची लक्षणं दिसतात का हे बघायला कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा त्याला गावाला पाठवून देऊ नका. पाळीव जनावराबाबत हलगर्जी झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी विचारलं तर लसीचा दाखला, परवाना आणि खरेदीची पावती एकाच फाइलीत सापडली पाहिजे.