नगरपालिकेला अपक्ष उभं राहताय? मग तीनातलं एकच मत मागा

फ्लेक्स नंतर, आधी मतदार यादी हातात घ्या. बहुतेक अपक्ष उलटं करतात, वाढदिवसाला चौकात मोठा फ्लेक्स, त्यावर "भावी नगरसेवक", खाली चाळीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो, आणि त्यातली निम्मी पोरं शेजारच्या प्रभागातली निघतात, म्हणजे मताला उपयोग शून्य.

नगरपालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागावार फोडतात. 2025 च्या डिसेंबरला झालेल्या निवडणुकीत 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. फोडताना एखादी अख्खी गल्ली पलीकडच्या प्रभागात जाते आणि तिथल्या लोकांना ते मतदानाच्या दिवशी बूथवर कळतं. म्हणून प्रारूप (कच्ची) यादी लागली की त्याच दिवशी घ्या, हरकतीला मिळणारे दिवस थोडेच असतात. नावापुढे दोन स्टार दिसले तर तो दुबार (दोन ठिकाणी नाव असलेला) मतदार समजा, गेल्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने अशीच खूण केली होती.

आता यादीची झेरॉक्स काढून घराघराप्रमाणे लावा, मतदार क्रमांकाप्रमाणे नाही. प्रत्येक नावापुढे काहीतरी खूण पाहिजे: नक्की आपला, गोड बोलतो पण भरवसा नाही, समोरच्याचा, बाहेरगावी, वारले. हे काम पगारी पोरांकडून होत नाही, गल्लीतली एखादी अंगणवाडीवाली मावशी नाहीतर किराणा दुकानदार अर्ध्या तासात जेवढं सांगतो तेवढं तुम्हाला आठवडाभर फिरूनही कळणार नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्यांची वेगळी यादी करा आणि तारीख जाहीर झाली की स्वतः फोन लावा, पक्षवाले आदल्या दिवशी गाडी पाठवतात पण जिव्हाळ्याने बोलणारा फोन पहिला कुणाचा आला हे लोक लक्षात ठेवतात.

मग हिशोब. समजा प्रभागात 3600 नावं आहेत आणि 70 टक्के मतदान झालं तर 2520 मतं. तुमच्या जागेला चार तगडे उमेदवार असतील तर 800-900 वाला निवडून येतो. म्हणजे तुम्हाला सगळा प्रभाग जिंकायचाच नाहीये, दोन-अडीचशे घरं पक्की करायचीयत. हे डोक्यात बसलं की अर्धा खर्च आपोआप वाचतो.

आता मुद्द्याचं. नगरपरिषदेत साधारण एका प्रभागात दोन जागा असतात, अ आणि ब, आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे एका माणसाला तीन मतं. (नगरपंचायतीत प्रभागाला एकच नगरसेवक, त्यामुळे तिथं दोनच.) पक्षवाले सांगत फिरतात पॅनल टू पॅनल मारा, म्हणजे तिन्ही मतं एकाच पक्षाला. अपक्षाने तिथं "ह्यांना पाडा, त्यांना गाडा" करत बसायचं नाही. तुम्ही तीनातलं एकच मागा. दारात संवाद साधारण असा होतो:

"काकू, ब मध्ये उभा आहे, लक्ष असू द्या."

"अरे पण आमच्या ह्यांनी शब्द दिलाय तिकडं."

"मग शब्द मोडू नका ना. नगराध्यक्ष तिकडं द्या, अ तिकडं द्या. ब चं एक मला."

"एवढंच ना? बघू." आणि मग आतून चहा येतो.

ह्यात गंमत ही की शब्द दिलेल्या माणसाला तुम्ही सुटायची वाट करून दिली, दोन मतं दिली म्हणजे त्याचा शब्दही राहिला. छोट्या गावात भावकी, सोयरीक, सोसायटीचं कर्ज, पोराची नोकरी असल्या शंभर गोष्टीत माणूस अडकलेला असतो, त्याला तुमच्यासाठी उघड भांडायला लावलं की तो तुम्हाला टाळायला लागतो. फक्त एक पथ्य, कुठल्याच नगराध्यक्षाच्या उमेदवाराबरोबर छुपी सेटिंग करू नका, संध्याकाळपर्यंत पानटपरीवर कळतं.

तीन मतांचा दुसरा भाग मशीनचा. तिन्ही जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, कुणीच नको असेल तर तिथं नोटा दाबावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना हे सांगावंच लागतं, एक बटण दाबून निघून जातात. व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही दिसत नाही, त्यामुळे आपलं कुठं पडलं हे बघायची सोय नाही. पुठ्ठ्याचं डमी मशीन करा आणि बायकांच्या घोळक्यात बसून तीन-तीनदा दाबून घ्या, कोपरा सभेपेक्षा ह्याचा फायदा जास्त.

चिन्हाचं सांगतो. पक्षवाल्याचं चिन्ह आजोबांच्या काळापासून भिंतीवर आहे, तुमचं मिळतं शेवटच्या आठवड्यात. 2025 ला अपक्षांना चिन्ह 26 नोव्हेंबरला मिळालं आणि मतदान होतं 2 डिसेंबरला, म्हणजे हातात किती दिवस राहिले बघा. त्यात मशीनवर मान्यताप्राप्त पक्ष वर, अपक्ष खाली. म्हणून चिन्ह मिळायच्या आधी नाव बसलेलं पाहिजे, चिन्हाच्या आठवड्यात फक्त नावाला चिन्ह चिकटवायचं. पसंतीक्रम देताना असं चिन्ह लिहा जे न छापता दाखवता येतं, कपबशी घरात असते, शिट्टी वाजवता येते. दिसायला दुसऱ्याच्या चिन्हासारखं असलेलं अजिबात नको. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात पिपाणीला 37 हजारांवर मतं गेली आणि तुतारीवाले उमेदवार 32 हजारांच्या फरकाने पडले, तो घोळ लोक अजून विसरले नाहीत. पत्रकांचं डिझाईन आधी तयार ठेवून फक्त चिन्हाची जागा रिकामी सोडा, चिन्ह मिळालं की त्या रात्री प्रेसवर. खाली मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापायला विसरू नका, समोरचा टपून बसलेला असतो.

फॉर्मवर जास्त लिहीत नाही, पण छाननीत उडतात ते अपक्षच, कारण पक्षाकडे वकील बसलेला असतो. वय 21 पूर्ण पाहिजे, नाव त्याच शहराच्या यादीत पाहिजे, सूचक (तुमचं नाव सुचवून फॉर्मवर सही करणारे) मात्र त्याच प्रभागातले पाहिजेत, आणि पक्षवाल्यापेक्षा तुम्हाला जास्त लागतात, म्हणून दोन-तीन ज्यादा तयार ठेवा, कारण सही केलेला माणूस रात्रीतून "माझी सहीच नाही" म्हणू शकतो. घरपट्टी-नळपट्टी भरून पावत्या जवळ ठेवा, घरी शौचालय आहे ना ते बघा, राखीव जागा असेल तर जात वैधतेचं प्रकरण आधीच दाखल केलेलं असू द्या. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य असेल तर विषयच संपला. पालिकेचा एखादा ठेका स्वतःच्या नावावर असेल तरी अडचण येते. फॉर्म ऑनलाइन भरलात तर त्याची प्रिंट सही करून प्रत्यक्ष द्यावी लागते, तर कृपा करून शेवटच्या दिवशी नेट कॅफेत बसू नका.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. गेल्या वेळी नगरसेवकाला मर्यादा अ वर्ग नगरपरिषदेत 5 लाख, ब वर्गात साडेतीन, क वर्गात अडीच, आणि नगरपंचायतीत सव्वादोन लाख होती. खरं सांगायचं तर नीट काम केलं तर क वर्गाच्या गावात त्याच्या अर्ध्यातही भागतं, मोठा खर्च जातो तो पोरांच्या जेवणावळीवर, जी पोरं रात्री दुसऱ्याच्याही जेवणाला जातात.

बोलायचं काय? विकास नको. ती भाषा सगळ्यांची आहे. तुमच्या प्रभागातलं एकच दुखणं पकडा, पाणी रात्री दोनला का येतं, घंटागाडी मागच्या गल्लीत का वळत नाही. माहिती अधिकारात प्रभागातल्या कामांची यादी आणि खर्च आधीच मागवून ठेवा. मिळालेल्या कागदाची झेरॉक्स त्याच गल्लीत वाटा, गटाराचं नाव, मीटर, रक्कम, आणि खाली एकच ओळ, "हे गटार कुठं आहे ते बघून सांगा". आरोप करू नका, नाव घेऊ नका, लोक स्वतः जाऊन बघतात आणि संध्याकाळी पारावर बाकीचं काम ते करतात.

माघारीच्या दिवशी फोन बंद ठेवायचा नाही पण घरी पण बसायचं नाही. त्या दिवशी सासऱ्यापासून गुरुजींपर्यंत सगळे येतात, पुढच्या वेळी तिकीट देतो, स्वीकृत (न निवडता नेमलेला) नगरसेवक करतो, असं बरंच काही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आपला निर्णय झालाय, कारण दबाव तुमच्यावर कमी आणि बायकोच्या माहेरावर जास्त येतो.

शेवटच्या दोन रात्री लक्ष्मीदर्शन, म्हणजे पैसेवाटप, होतं हे सगळ्यांना माहितीये. त्यात उतरू नका, ते कायद्यात बसत नाही आणि तुम्हाला पुरणारही नाही. त्याऐवजी नक्कीवाल्या घरांत परत एक चक्कर मारा, काही न मागता, फक्त बूथ कुठला आणि यादीत नंबर किती एवढं लिहून द्या. प्रत्येक बूथवर आत बसायला असा पोलिंग एजंट बघा जो प्रभागातली तोंडं ओळखतो, आणि मॉक पोलला (मतदानाआधी मशीनची चाचणी) तो वेळेवर पोचलाच पाहिजे. बाहेरच्या पोरांकडे तीच खुणा केलेली यादी द्या, दुपारी दोनला नक्कीवाल्यांतले कोण राहिले ते बघून थेट त्यांच्याच दारात जा. बाकीच्यांना त्या दिवशी समजवत बसायला वेळ नाही.

निकाल काहीही लागो, 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्या, हरलेले हमखास विसरतात आणि नंतर अपात्रतेची नोटीस येते. आणि निवडून आलात, वर सभागृहात कुणालाच बहुमत नाही, तर रात्री अकराला दोन्हीकडून गाड्या येतील. गळ्यात पक्षाचा गमछा घालून फोटो काढायच्या आधी वकिलाला विचारा, अपक्ष निवडून येऊन पक्षात प्रवेश केला की पक्षांतरबंदीत नगरसेवकपद जातं, पाठिंबा देणं वेगळं आणि प्रवेश करणं वेगळं.