मोठे चित्रीकरण डीव्हीडीवर बसवताना
पैठणच्या नाथषष्ठीतील कीर्तन-भारुडांचे पूर्ण चित्रीकरण 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर अनेकदा मावत नाही. व्हिडिओ आधीच संकुचित असल्याने झिप करून जागा जवळजवळ वाचत नाही. म्हणून फाइलचे डीव्हीडीएवढे भाग पाडावेत: सेव्हन-झिप या फाइली बांधण्याच्या प्रोग्राममध्ये संकुचनाची पातळी ‘स्टोअर’ (म्हणजे संकुचन न करता) ठेवून भागांच्या आकारासाठी 4480एम (एम म्हणजे मेगाबाइट) हा तयार पर्याय निवडावा, कारण संगणकाच्या मोजणीनुसार डीव्हीडीची क्षमता सुमारे 4.38 जीबीच भरते. भागांच्या नावांच्या शेवटी 001, 002 असे क्रमांक लागतात, ती नावे मुळीच बदलू नयेत. जोडताना सर्व भाग हार्ड डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये उतरवून 001 हा भाग उघडावा. एक भाग जरी खराब झाला तरी चित्रीकरण अखंड मिळत नाही, आणि वयोवृद्ध कीर्तनकारांचे निरूपण पुन्हा टिपता येईलच असे नाही; त्यामुळे मूळ फाइल पुसण्यापूर्वी सर्व भाग डीव्हीडींवरूनच उतरवून, जोडून, शेवटपर्यंत पाहावेत.