फ्रान्सला निघण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन या

दर्यापूर, अचलपूर, बाळापूर या भागांतून फ्रान्समध्ये येणारी आपली मुले नमाज कुठे पढावा आणि हलाल मटण कुठे मिळते, हे सर्वांत आधी विचारतात. ते पहिल्याच आठवड्यात कळते.

निकाहाविषयी मात्र सविस्तर लिहितो. माझ्या निकाहाच्या वेळी मी नोंदणीचा विषय काढला, तेव्हा अब्बा म्हणाले, "काझीसाहेबांचा शिक्का हाये ना, मंग आनखी काय पायजे?" आणि कापूस वेचणीच्या गडबडीत ग्रामसेवकाकडे जायचे राहूनच गेले. पुढे पत्नीला इकडे आणण्यासाठी उर्दू निकाहनामा भाषांतरासह सादर केला, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी तो उलटसुलट पाहून माझ्याकडे परत सरकवला. नोंदणी, मंत्रालयातील साक्षांकन आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का) यांत अकरा महिने गेले. थोरलीचा जन्म झाला तेव्हा मी इकडेच होतो. येथे केवळ धार्मिक विवाहाला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही. ज्यांना येथेच लग्न करायचे आहे त्यांनी आधी नगरपालिकेत आणि मगच इमामांपुढे जावे, कारण उलट क्रमाने सर्रास निकाह लावणाऱ्या इमामांना शिक्षा होऊ शकते.

धर्म आणि शासन वेगळे करणाऱ्या येथील १९०५ च्या कायद्याचे पहिले कलम सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत धर्मपालनाचे स्वातंत्र्य देते, ते आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ च्या जवळचे आहे. पण सरकार कोणत्याही धर्माला मान्यता वा पैसा देणार नाही, या दुसऱ्या कलमाची आपल्याला सवय नसते. ईदला तहसील बंद पाहत वाढलेल्या माणसाला येथे ईदसाठी स्वतःची रजा टाकावी लागते. (नाताळची सुटी मात्र सरकारी आहे, हा प्रश्न मीही विचारून पाहिला आहे.)

२००४ च्या कायद्यामुळे सरकारी शाळेत हिजाब चालत नाही, म्हणून माझी थोरली फाटकापाशी तो काढते, घडी घालून दप्तरात ठेवते. विद्यापीठात गेल्यावर तिला ही बंदी नसेल. २०१० च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकल्यास १५० युरोपर्यंत दंड आहे. सरकारी नोकरीत धर्मचिन्ह चालत नाही, खासगी कंपनीत तिची नियमावली पाहावी. वर्षानुवर्षे येथे राहून, कायद्याची एक ओळ न वाचता, "येथे इस्लामवर बंदी आहे" असे नवख्यांना सांगणारे आपलेच लोक मला फार खटकतात.

पुन्हा सांगतो, नोंदणी निघण्याआधीच करा, आणि निकाहनामा, आधार व पासपोर्ट यांवर पत्नीचे नाव अक्षरशः एकच आहे का ते पाहा. आमच्या कागदांत कुठे "बी" होते, तर कुठे "परवीन".