क्रिएटिनिन वाढलं, पण कशामुळे?

हृदयप्रत्यारोपणाच्या ओपीडीत नवीन असताना माझं सगळं लक्ष एको, बायॉप्सी आणि रिजेक्शनवर (शरीराने नवं हृदय नाकारण्यावर) असायचं. किडनीकडे बघायला मी उशिरा शिकलो. नवं हृदय टिकवणारं टॅक्रोलिमस हे औषधच ग्लोमेरुलसकडे (किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या केशिकांच्या पुंजक्याकडे) रक्त नेणारी धमनिका आवळतं आणि वर्षानुवर्षं किडनीला झिजवतं. त्याच्यामुळे आणि स्टेरॉइडमुळे मधुमेह जडतो, तो वेगळाच.

म्हणून डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. लघवीवाटे साखर घालवणारी ही औषधं ग्लोमेरुलसमधला दाबही उतरवतात आणि किडनीचा मुख्य फायदा त्यातूनच होतो. 2020च्या डापा-सीकेडी चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही तो मिळाला. पण त्या चाचणीत प्रत्यारोपण झालेले रुग्ण घेतलेच नव्हते! आपल्या रुग्णांवरचे अभ्यास बहुतेक लहान आणि जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, त्यामुळे फार छाती ठोकून बोलू नका.

दाब उतरला की सुरुवातीला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) थोडा घसरतो आणि मग स्थिरावतो. हे मला तोंडपाठ होतं, तिथेच फसलो. डॅपाग्लिफ्लोझिन सुरू करून तीन आठवडे झालेल्या एका बाईंचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) 1.4वरून 1.9वर गेलं. 'अपेक्षित घसरण' असं लिहून मी मोकळा झालो. मॅडमनी केसपेपर पाहून एवढंच विचारलं, "टॅक्रोची लेव्हल?" टॅक्रोलिमसच्या रक्तातल्या पातळीची तपासणी मी पाठवलीच नव्हती. आली तेव्हा नेहमीच्या 8ऐवजी 17 होती.

झालं होतं असं: लघवीत साखर आल्याने त्यांना योनिमार्गात बुरशीचा संसर्ग झाला. संकोचापायी त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, दुसरीकडे गेल्या आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या घेऊ लागल्या. फ्लुकोनाझोल यकृतात टॅक्रोलिमसचं विघटन रोखतं, म्हणून लेव्हल चढली. डॅपाग्लिफ्लोझिनचा दोष होता, पण दोन वळसे घेऊन आलेला. गोळ्यांऐवजी लावायचं मलम दिलं, टॅक्रोचा डोस काही दिवस कमी केला, क्रिएटिनिन 1.5वर आलं. डॅपाग्लिफ्लोझिन चालूच ठेवलं.

उलट्या-जुलाब झाले, खाणं सुटलं तर हे औषध थांबवायचं, शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस बंद ठेवायचं, हे रुग्णाला लिहूनच द्या. कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) या औषधाने साखर फारशी न वाढताही होतो आणि ग्लुकोमीटर पाहून सगळे निर्धास्त राहतात.

खाजेबद्दल मात्र आता मीच आधी विचारतो, नातेवाईक बाहेर गेल्यावर.