जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप उघडून फाइली एक्स्टर्नल ड्राइव्हवर कशा काढाव्यात

विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. त्या काळातले कॉम्प्युटर आता एकेक करून भंगारात चाललेत. मालक निर्धास्त असतात, कारण 'बॅकअप घेतलेला आहे'. पण विंडोज ७ चा बॅकअप म्हणजे फोटोंचा आणि पत्रांचा सरळ फोल्डर नव्हे. झिप फाइलींच्या ढिगात तुमच्या फाइली बांधून ठेवलेल्या असतात. तो ढीग उघडणारं साधन हाताशी आहे तोवरच तो सोडवून साध्या फोल्डरांत आणावा, असं मी कळकळीने सांगेन.

आधी ड्राइव्ह तयार करा. बॅकअप दाबून साठवलेला असतो, त्यामुळे उघडल्यावर फाइलींना जास्त जागा लागते. बॅकअपच्या निदान दुप्पट जागा मोकळी असलेला एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या. ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत, बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसणार नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओची फाइल नेमकी तिथेच अडते. फक्त विंडोजवर वापरायचा असेल तर एनटीएफएस आणि मॅकलाही जोडायचा असेल तर एक्सफॅट निवडून ड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचं सगळं जातं, म्हणून तो रिकामा असल्याची खात्री करून घ्या.

आता बॅकअप असलेली डिस्क सध्याच्या कॉम्प्युटरला जोडा. ती जुन्या कॅबिनेटमध्येच असेल तर काढून यूएसबी-साटा अडॅप्टरने जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, म्हणून पॉवर अडॅप्टरसकट असलेलाच संच मागा. चपट्या रुंद पट्टीची केबल असेल तर ती आयडीई डिस्क. तिचा अडॅप्टर वेगळा असतो. अडॅप्टर घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणार असाल तर डिस्कच सोबत न्या. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिथेच थांबा. चेक डिस्क वगैरे डिस्क तपासणारी साधनं चालवू नका, ती बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

डिस्क उघडल्यावर जुन्या कॉम्प्युटरच्या नावाचा एक फोल्डर दिसेल. राइट-क्लिक करून 'ओपन' म्हणा. आत 'बॅकअप सेट' आणि तारीख, त्याच्या आत 'बॅकअप फाइल्स' आणि पुन्हा तारखा, आणि त्यांच्या पोटात क्रमांक दिलेल्या झिप फाइली. इथे काही हलवू नका, नाव बदलू नका. नुसतं बघून बाहेर या.

फाइली काढायचं काम विंडोजकडूनच करून घ्या. विंडोज १० आणि ११ मध्येही कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' हा पर्याय आहे, पुढे विंडोज ७ असं लिहिलेलं असतं. त्यात 'सिलेक्ट अनदर बॅकअप टू रिस्टोअर फाइल्स फ्रॉम' निवडा आणि यादीतून तुमचा बॅकअप घ्या. मग 'ब्राउज फॉर फोल्डर्स'मधून हवे ते फोल्डर जोडत जा. पुढच्या पानावर विंडोज विचारतं, मूळ जागी ठेवू की दुसरीकडे? 'दुसरीकडे' निवडून एक्स्टर्नल ड्राइव्हवरचा एक रिकामा फोल्डर दाखवा. आणि मूळ उपफोल्डरांसह रिस्टोअर करण्याच्या चौकोनात खूण आहे ना, ते नक्की बघा. ती खूण नसली तर वीस वर्षांच्या फाइली एकाच फोल्डरात ओतल्या जातात. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रॅमच्या फाइलींचा तर फारच घोटाळा होतो, कारण त्यातली बरीचशी चित्रं फाइलीच्या आत नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात.

विंडोजला बॅकअप सापडलाच नाही तर झिप हाताने उघडता येतात. फक्त क्रम पाळा. सर्वांत जुन्या तारखेचा पूर्ण बॅकअप आधी उघडा, मग पुढच्या तारखा ओळीने त्यावरच उघडत जा आणि फाइल बदलू का विचारलं तर हो म्हणा. नंतरच्या तारखांमध्ये फक्त बदललेल्या फाइली असतात.

'विंडोजइमेजबॅकअप' नावाचा फोल्डर दिसला तर तुमचं नशीब चांगलं. ती अख्ख्या डिस्कची प्रतिमा आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडून 'ॲक्शन'मध्ये 'अटॅच व्हीएचडी' निवडा, 'रीड-ओन्ली'वर खूण करा आणि त्यातली सर्वांत मोठी व्हीएचडी फाइल दाखवा. ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते. परवानगी मागितली तर 'कंटिन्यू' दाबा.

ही प्रतिमा एवढी मोलाची का, तर विंडोज ७ चा नेहमीचा फाइल बॅकअप आपणहून फक्त वापरकर्त्याचे फोल्डर घेतो: डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप, डाउनलोड्स. विंडोज आणि प्रोग्रॅम्सचे फोल्डर त्यात नसतात. मराठी माणसाचं नुकसान इथेच होतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत, रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत लिहीत होतो. त्या फाइलींत खरी देवनागरी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, आणि त्यांना मराठी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट मागे राहिला की आजोबांचं आत्मचरित्र, संस्थेची घटना, दिवाळी अंकाची पानं, सगळं अगम्य चिन्हं होऊन समोर येतं. म्हणून जुन्या डिस्कवरच्या किंवा प्रतिमेतल्या विंडोज फोल्डरात जा आणि 'फॉन्ट्स' हा आख्खा फोल्डर एक्स्टर्नल ड्राइव्हवर घ्या. निवडत बसू नका. कुठली फाइल कुठल्या फॉन्टात आहे हे आज आठवणार नाही. हवा तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर डबल-क्लिक करून इन्स्टॉल केला की मजकूर पुन्हा मराठीत दिसतो. दिसला की लगेच त्याची पीडीएफ करून ठेवा, युनिकोडमध्ये बदलायचं काम मग सावकाश.

दुकानदारांनी टॅलीचा डेटा असाच शोधावा. तो बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीच्या 'डेटा' फोल्डरात प्रत्येक कंपनीचा आकड्यांच्या नावाचा फोल्डर असतो, तो जसाच्या तसा उचला. आउटलुकची पत्रं पीएसटी फाइलीत असतात. संपूर्ण डिस्कवर इंग्रजीत .pst असं शोधा.

त्याआधीच्या विंडोज एक्सपीचा बॅकअप बीकेएफ प्रकारच्या एकाच फाइलीत असतो आणि तो वर सांगितलेल्या मार्गाने उघडत नाही. जुनं यंत्र चालू असेल तर तिथेच 'रन'मध्ये एनटीबॅकअप (ntbackup) हा एक्सपीचा बॅकअप प्रोग्रॅम चालवून फाइली काढाव्यात.

घाई करू नका. यूएसबी २.० वर १०० जीबीला तासभर सहज लागतो, आणि बारीक फाइली खूप असतील तर त्याहून जास्त. लॅपटॉप असेल तर चार्जरला जोडून त्याचा स्लीप मोड बंद ठेवा.

कॉपी संपली की डिस्कवरून थेट उचललेल्या फोल्डरांची दोन्हीकडची प्रॉपर्टीज शेजारी ठेवून बघा. फाइलींची संख्या आणि 'साइज' जुळली पाहिजे. 'साइज ऑन डिस्क' वेगळं आलं तर चालेल, ते ड्राइव्हच्या फॉरमॅटवर अवलंबून असतं. झिपमधून काढलेल्यांचा आकार असा ताडता येत नाही, तिथे फाइली उघडूनच बघाव्या लागतात. दरवर्षीचे चार-दोन फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत, सर्वांत जुनी वर्डची फाइल. शून्य केबीची फाइल दिसली तर ती पुन्हा काढा.

दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर याच फोल्डरची आणखी एक प्रत होईपर्यंत जुनी डिस्क कुणाला देऊ नका. नंतर द्यायची असेल तर ती पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये असा फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो. क्विक फॉरमॅटने तुमचे बँकेचे कागद आणि घरातले फोटो आतच राहतात.