सामान्य वाचकासाठी समीकरण कसे मांडावे

भौतिकशास्त्रावर सर्वांसाठी लिहिताना समीकरणे गाळावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो सरसकट पाळू नये. आकडे घालून वाचकाला स्वतः काही नवे काढता येत असेल, तर समीकरण अवश्य द्यावे. ते केवळ लेखाला वजन आणण्यासाठी असेल, तर गाळावे.

केप्लरने १६१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रहगतीचा तिसरा नियम उदाहरणादाखल घेऊ. समीकरणाआधी प्रश्न मांडावा. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. मग त्याची प्रदक्षिणा ५.२ वर्षांत का पुरी होत नाही? ती सुमारे बारा वर्षांची असते, हे नाशिकच्या सिंहस्थामुळे मराठी वाचकाला ठाऊकच असते. ही तफावत खटकल्यावरच नियम सांगावा, तोही प्रथम वाक्यात: प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा अंतराच्या घनाएवढा असतो. मग चिन्हांत:

क² = अ³

येथे ‘क’ वर्षांत आणि ‘अ’ पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजावा, हे लगेच सांगावे. अशी एकके निवडल्याने वाचकाला बिचकवणारे स्थिरांक समीकरणातून नाहीसे होतात आणि पृथ्वीसाठी दोन्ही बाजूंना १ येऊन पहिला पडताळाही मिळतो.

त्यानंतर गणित पूर्ण करून दाखवावे. ‘सहज दिसून येते की’ असे लिहून पायऱ्या गिळू नयेत. ५.२ चा घन सुमारे १४०.६ आणि त्याचे वर्गमूळ ११.८६, म्हणजेच गुरूचे वर्ष. पण येथे थांबल्यास वाचकाच्या हाती केवळ आकडेमोड उरते. गुरूची वाट ५.२ पट लांब आहेच, शिवाय पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, तर गुरू जेमतेम १३. लांब वाट आणि मंद चाल या दोहोंमुळे काळ इतका वाढतो, हे समीकरणामागचे भौतिकशास्त्र सविस्तर सांगावे.

शेवटी एक उलटे गणित वाचकावर सोपवावे. साडेसातीत शनी तीन राशी ओलांडतो, म्हणजे बारा राशींना ३० वर्षे लागतात (फलज्योतिष बाजूला ठेवले, तरी हा काळ खगोलीय गतीवरूनच आलेला आहे). ३० चा वर्ग ९००, त्याचे घनमूळ सुमारे ९.६५. शनीचे प्रत्यक्ष अंतर सुमारे ९.५ पट आहे. थोडा फरक पडतो, कारण त्याचा खरा काळ साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास आहे.

समीकरणाची मर्यादाही स्पष्ट करावी. चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर त्यात घातले, तर प्रदक्षिणा सुमारे तासाभराची निघते, प्रत्यक्षात ती २७.३ दिवसांची असते. कारण आपल्या एककांत सूर्याचे वस्तुमान दडलेले आहे आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. केप्लरला नियम निरीक्षणांतून सापडला होता. वस्तुमानाशी त्याचा संबंध न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथातून उलगडला.